सेम रेसिपी, तीन रंग: नॅनो प्रोजेक्ट सुरू करण्याआधी सुपरसॅच्युरेशनचं एवढं बघून घ्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सिल्व्हर नॅनोपार्टिकल घेतले तेव्हा वाटलं होतं की सोपंय, दोन द्रावणं मिसळायची, पिवळा रंग आला की फोटो काढायचा आणि नाशिकच्या गंगापूर रोडला चहाला जायचं. पहिली बॅच खरंच मस्त आली, लिंबू सरबतासारखी पिवळी. दुसरी तपकिरी. तिसरी राखाडी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बीकरच्या तळाशी काळा गाळ बसलेला. रेसिपी तीच, बाटल्या त्याच, करणारी पण मीच. सरांना दाखवलं तर म्हणाले, "सुपरसॅच्युरेशन कुठे किती झालं असेल, विचार केलास का?" मी व्याख्या म्हणून दाखवली, द्रावणात मावेल त्यापेक्षा जास्त पदार्थ असणं. सर हसले आणि लेक्चरला निघून गेले.

मग दोन महिने घासून जे कळलं ते इथे टाकतेय. रेसिपीत लिहिलेली कॉन्सन्ट्रेशन सगळेच पाळतात हो, पण कणाचा साइज ठरतो तो सुपरसॅच्युरेशन किती पटकन चढलं, किती वर गेलं आणि किती वेळ टिकलं यावरून, आणि हे रेसिपीच्या कागदावर नसतं, तुमच्या हातात असतं.

१. आधी आकडा समजून घ्या

आकड्याला एस म्हणतात. आत्ता द्रावणात पदार्थ किती आहे, भागिले त्या तापमानाला जास्तीत जास्त किती विरघळून राहू शकतो. एस बरोबर १ म्हणजे द्रावण काठोकाठ. १ च्या वर म्हणजे जास्तीचं कोंबलेलं, म्हणजे सुपरसॅच्युरेटेड, शाळेच्या पुस्तकातलं अतिसंपृक्त.

साखरेवर करून बघू. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशाला साधारण २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात ४८० च्या आसपास. म्हणजे उकळताना काठोकाठ भरलेला पाक २० अंशापर्यंत थंड केला तर एस झाला २.४. तरी पाक लगेच दगड होत नाही, बराच वेळ तसाच राहतो. (आई त्यात लिंबू पिळते ते यासाठीच, आम्लाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि ते दाणा धरू देत नाही.)

का राहतो तसाच? कारण नवीन कण जन्माला यायचा तर आधी नवीन पृष्ठभाग तयार करावा लागतो आणि त्याला एनर्जी लागते. कण अगदी बारीक असताना पृष्ठभागाचा खर्च जास्त आणि आतल्या भागातून मिळणारा फायदा कमी, म्हणून असे कण बनतात आणि लगेच विरघळून जातात. एका ठराविक साइजच्या पुढे गेला तरच कण तग धरतो, तो क्रिटिकल साइज. गिब्जने १८७० च्या दशकात याचा पाया घातला, फोल्मर आणि वेबरने १९२६ मध्ये त्यावरून न्यूक्लिएशनचा, म्हणजे नवीन कण जन्माला येण्याचा वेग मांडला, व्हायव्हाला एवढं इतिहासाचं पुरतं.

त्यांच्या सूत्रातलं खरं कामाचं एवढंच: क्रिटिकल साइज एसच्या लॉगच्या व्यस्त प्रमाणात, आणि तिथवर पोचायला लागणाऱ्या एनर्जीचा अडथळा त्या लॉगच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. आकडे टाकून बघा. एस २ वरून १० केला तर क्रिटिकल साइज ३.३ पटीने कमी, अडथळा ११ पटीने कमी. १० वरून १०० केला तर साइज निम्मा, अडथळा पाव. आणि न्यूक्लिएशनचा वेग त्या अडथळ्यावर एक्स्पोनेन्शियल अवलंबून, म्हणून एस हळूहळू वाढवत नेला तरी बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम सगळीकडून कण फुटतात. बीकर समोर धरून बसाल तेव्हा हे दिसेल, आधी काहीच नाही काहीच नाही, आणि डोळ्याची पापणी लवते तोवर पांढरं.

२. लामेरचा आलेख पाठ नका करू, त्याच्यावर स्वतःचं बीकर बसवा

लामेर आणि डिनेगर यांनी १९५० मध्ये गंधकाच्या कोलॉइडवर (द्रवात तरंगणारे बारीक कण) काम करून हा विचार मांडला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर कॉन्सन्ट्रेशन. पहिल्या टप्प्यात कॉन्सन्ट्रेशन चढत जातं, एस १ च्या वर गेलं तरी कण नाहीत. मग एक पातळी ओलांडली की न्यूक्लिएशनचा भडका, कण माल खायला लागतात म्हणून कॉन्सन्ट्रेशन खाली येतं. ती पातळी सोडून खाली आलं की नवीन कण बंद, पण एस अजून १ च्या वरच असल्यामुळे आधीचे कण वाढत राहतात.

आता यातली मेख. भडका थोडक्यात उरकला तर सगळे कण एकाच वयाचे, म्हणून साधारण एकाच साइजचे. भडका रेंगाळला तर पहिले कण मोठे होत असताना नवीन जन्माला येत राहतात आणि शेवटी सगळी मिसळ. माल तेवढाच असेल तर न्यूक्लियस (तग धरलेले पहिले बारीक कण) ८ पट झाले की कणाचा व्यास निम्मा, १००० पट झाले की दहावा हिस्सा, म्हणजे साइजचा हिशोब पहिल्या काही क्षणांत बऱ्यापैकी ठरून जातो, नंतर तासभर ढवळत बसून तो सुधारत नाही. १९९३ मध्ये मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी कॅडमियम सेलेनाइडचे क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) बनवताना गरम सॉल्व्हंटमध्ये रिएजंट एकदम इंजेक्ट केलं ते यासाठीच, भडका एकदाच व्हावा म्हणून. बावेंडींना २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल ब्रूस आणि एकिमोव यांच्याबरोबर मिळालं.

एक सावधगिरी. प्रत्येक सिस्टीम या आलेखाप्रमाणे गुणी बाळासारखी वागत नाही. बोरोहायड्राइडने (सिल्व्हर आयनचा धातू करणारं केमिकल) केलेल्या सिल्व्हरमध्ये बारीक कण एकमेकांत मिसळून पण वाढतात. रिपोर्टमध्ये "लामेरनुसार झालं" असं ठोकून देऊ नका, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून येणारे परीक्षक, तिथेच पकडतात.

३. सामानाची यादी

सिल्व्हर नायट्रेट, सोडियम बोरोहायड्राइड, पीव्हीपी (कणांना एकमेकांना चिकटू न देणारं पॉलिमर), झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट, एचएमटीए म्हणजे हेक्सामिन, झिंक ॲसिटेट, इथेनॉल, पातळ नायट्रिक ॲसिड, भरपूर डीआयोनाइज्ड म्हणजे आयन काढलेलं पाणी (पुढे डीआय), बर्फ, मॅग्नेटिक स्टरर, ब्युरेट, थर्मामीटर, काचेच्या स्लाइड, ओव्हन, युव्ही-व्हिजिबल (द्रावण कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र). ग्लोव्ह्ज घालाच, सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग हातावरून आठवडाभर जात नाहीत आणि घरी सगळे विचारतात.

कागदपत्रं: गाइडच्या सहीचं केमिकल मागणीपत्र, प्रत्येक केमिकलची सेफ्टी शीट, इन्स्ट्रुमेंटचा स्लॉट बुकिंग फॉर्म आणि तारीख-तापमान टाकलेली लॉगबुक. लॉगबुकात खोलीचं तापमान लिहाच. आपल्याकडे जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो त्या दिवसांतली लॅब आणि मे महिन्यातली पंखा बंद असलेली लॅब यात द्रावणाची क्षमताच बदलते, म्हणजे एसच्या भागाकारातला खालचा आकडाच बदलला.

४. आधी तुरटीवर हात बसवा

ही स्टेप सगळे सोडतात, मीपण सोडली होती. मेन रोडला कुठल्याही किराणा दुकानात तुरटी मिळते, वीस-तीस रुपयांत काम होतं. गरम पाण्यात विरघळेल तेवढी विरघळवा, गाळून घ्या, दोन ग्लासात ओता. एक ग्लास सरळ बर्फात ठेवून चमच्याने हलवा. दुसरा झाकून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

बर्फातल्या ग्लासात मिनिटांत पांढरी भुकटी पडेल, कारण एस झपकन वर गेला आणि लाखोंनी न्यूक्लियस झाले. कपाटातल्यात सकाळी मोजके पण छान आठ बाजूंचे खडे मिळतील. आजीला माहीत होतंच हे, तूप रवाळ हवं तर पातेलं हळू गार होऊ द्यायचं, फ्रिजमध्ये टाकायचं नाही.

मग तिसरा ग्लास करा. कोमट होत आला की त्यात धाग्याला बांधलेला एक खडा सोडा, सगळा माल त्याच्यावर बसायला लागतो. हे बी टाकणं, सीडिंग. आपल्या नाशकात याचा खरा धंदेवाईक वापर बघायचा असेल तर वायनरीत जा. द्राक्षात टार्टरिक ॲसिड आणि पोटॅशियम असतं, अल्कोहोल झालं आणि वाईन थंड केली की पोटॅशियम बायटार्ट्रेट जास्तीचं होतं. बाटलीत नंतर काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसू नयेत म्हणून वाईन आधीच शून्याच्या खाली नेऊन ठेवतात आणि वेळ वाचवायला त्यात त्याच मिठाची बारीक पूड टाकतात. एका ओळखीच्याने मला टाकीच्या भिंतीवरचा तो थर खरवडून दाखवला होता, हातात घेतला तर जाड मिठासारखा खरखरीत. थर भिंतीवर का धरला? कारण आयता पृष्ठभाग मिळाला की अडथळा कमी होतो. तुमच्या बीकरचे ओरखडे, धूळ, मागच्या बॅचचं चिकटलेलं सिल्व्हर हे सगळं असंच फुकटचं बियाणं आहे, तुम्ही न टाकलेलं.

५. पाणी आणि वजन, इथेच अर्ध्या बॅच मरतात

माझी राखाडी बॅच इथे गेली. बीकर नळाच्या पाण्याने विसळला आणि तसाच घेतला. आता हिशोब बघा. सिल्व्हर क्लोराइडचा केएसपी (काठोकाठ द्रावणातल्या दोन आयनांच्या कॉन्सन्ट्रेशनचा गुणाकार) १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात. समजा पाण्यात लिटरला ३५ मिलिग्रॅम क्लोराइड आहे, म्हणजे साधारण १ मिलिमोलर (लिटरला एक हजारांश मोल), आणि तुमचं सिल्व्हर पण १ मिलिमोलर. आयनांचा गुणाकार केएसपीच्या साडेपाच हजार पट झाला. दोन आयन आहेत म्हणून वर्गमूळ घ्या, एस आला ७५ च्या आसपास. नॅनोपार्टिकल बनायच्या आधीच क्लोराइडचा गढूळपणा तयार. विसळल्यावर राहिलेल्या थेंबांत याच्यापेक्षा खूपच कमी क्लोराइड असतं हे खरं, पण १ मिलिमोलर सिल्व्हरला लिटरमागे ६-७ मायक्रोग्रॅम क्लोराइड पुरतं केएसपी ओलांडायला, म्हणून "थोडंसंच होतं" ही सबब चालत नाही.

म्हणून काच आधी पातळ नायट्रिक ॲसिडने धुवा, जुनं सिल्व्हर निघतं, मग डीआय पाण्याने तीनदा.

वजनाचं दुसरं दुखणं. १ मिलिमोलरचं १०० मिलिलिटर करायला सिल्व्हर नायट्रेट लागतं १७ मिलिग्रॅम. तुमच्या काट्याचा लीस्ट काउंट १० मिलिग्रॅम असेल तर काय मोजणार, नशीब? १७० मिलिग्रॅम घेऊन १० मिलिमोलर स्टॉक करा आणि दहा पट पातळ करा. बोरोहायड्राइडचं पण तसंच, ७६ मिलिग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये म्हणजे २० मिलिमोलर, मग दहा पट पातळ. फक्त हे बर्फाच्या थंड पाण्यात आणि ऐनवेळी करायचं, ते पाण्यात स्वतःच फुटून हायड्रोजन सोडत कमजोर होतं. माझी तपकिरी बॅच म्हणजे सकाळी केलेलं बोरोहायड्राइड दुपारी जेवून आल्यावर वापरलं त्याची कमाई.

६. सिल्व्हर, आता खरी बॅच

अ) २ मिलिमोलर बोरोहायड्राइड ३० मिलिलिटर, बर्फात, स्टररवर. थर्मामीटर बघा, वीसेक मिनिटं गार होऊ द्या.

आ) १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट १० मिलिलिटर ब्युरेटमध्ये. सेकंदाला साधारण एक थेंब.

इ) सिल्व्हर संपलं की स्टरर बंद. लगेच. ढवळत राहिलात तर कण एकमेकांवर आपटून चिकटतात.

ई) पीव्हीपीच्या ०.३ टक्के द्रावणाचे एक-दोन थेंब.

ऑर्डर उलटी करू नका, बोरोहायड्राइडमध्ये सिल्व्हर जातं, सिल्व्हरमध्ये बोरोहायड्राइड नाही. धातूचं सिल्व्हर पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून आयनचा अणू झाला की एस एकदम आभाळाला भिडतो, आणि किती वेगाने अणू होतात हे बोरोहायड्राइड ताजं आहे का, त्यावर ठरतं. कमजोर असलं की अणू रेंगाळत येतात, भडका लांबतो, साइज वेगवेगळे. दुसरं म्हणजे जादा बोरोहायड्राइड कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतं, सिल्व्हर एकदम ओतलं तर जिथे पडलं तिथे तेवढ्यापुरता बोरोहायड्राइडचा तुटवडा होतो आणि कण गोळा होतात. थेंब पडतो तिथे क्षणभर जे कॉन्सन्ट्रेशन असतं ते तुमच्या कागदावरच्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

जमलं तर युव्हीत ४०० नॅनोमीटर तरंगलांबीजवळ एक सडपातळ पीक, कण साधारण १०-१५ नॅनोमीटरचे. पीक जाड होऊन उजवीकडे पसरलं असेल तर गोळा झालेत. मोजताना नमुना पातळ करा, पण डीआय पाण्यानेच.

७. झिंक ऑक्साइड: इथे उलटं, एस खाली ठेवायचा

नॅनोरॉड, म्हणजे अतिबारीक काड्या, हवेत तर भडका नकोय. स्लाइडवर झिंक ॲसिटेटचं इथेनॉलमधलं ५ मिलिमोलर द्रावण टाकून सुकवायचं, चार-पाच वेळा, मग ३५० अंशाला वीस मिनिटं तापवायचं, ही सीड लेयर. ग्रोथचं द्रावण: १०० मिलिलिटरमध्ये झिंक नायट्रेट ०.७४ ग्रॅम आणि एचएमटीए ०.३५ ग्रॅम, म्हणजे दोन्ही २५ मिलिमोलर. ९० अंशाला दोन-तीन तास.

एचएमटीए का, सरळ सोडियम हायड्रॉक्साइड का नाही? कारण एचएमटीए गरम पाण्यात हळूहळू फुटून अमोनिया सोडतं, त्यामुळे हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने मिळतं आणि एस कमी राहतो, इतका की आधीच्या बियांवर वाढायला पुरेल पण द्रावणात नवीन कण फारसे होणार नाहीत. त्यात फॉर्मल्डिहाइड पण सुटतं, ओव्हन हूडखाली (वाफा ओढून घेणाऱ्या धुराड्याखाली) उघडा, डोळे चुरचुरले की समजायचं. स्लाइड सीडची बाजू खाली करून तिरकी ठेवा, नाहीतर वरून पडणारा गाळ रॉडवर बसतो आणि मग एसइएममध्ये (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) भाताच्या ढिगाऱ्यासारखं दिसतं. पहिल्या काही मिनिटांतच बाटली दुधाळ झाली तर एस जास्त झाला, कॉन्सन्ट्रेशन निम्मं करून परत लावा.

आकाराचा मुद्दा इथेच सांगते. १९५१ मध्ये बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांनी दाखवलं की कमी सुपरसॅच्युरेशनला क्रिस्टल स्क्रू डिसलोकेशनच्या (क्रिस्टलच्या रचनेतल्या पिळासारख्या दोषाच्या) जिन्यावरून वाढतो, तिथे पायरी कधी संपतच नाही, नवीन थर सुरू करायचा अडथळाच नाही. विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या साँग जिन यांच्या ग्रुपने हेच धरून नॅनोवायर वाढवल्या. एस थोडा वाढवला की थरावर थर, म्हणून प्लेट. फार वाढवला की फांद्या फुटतात, झाडासारखे डेंड्राइट. सेम केमिकलमधून मैत्रिणीला रॉड आणि तुम्हाला फुलं येतायत, तर भांडू नका, दोघींनी पीएच आणि तापमान ताडून बघा.

८. बॅच झाली म्हणजे संपलं असं नाही

एस १ कडे आला की ऑस्टवाल्ड रायपनिंग चालू होतं. बारीक कण जास्त विरघळतात, मोठे त्यांचा माल खातात. लहान कणासाठी "काठोकाठ"ची पातळीच जास्त असते ना, एकच द्रावण मोठ्याला जास्तीचं आणि छोट्याला अपुरं. म्हणून बॅच अंधारात, थंड जागी ठेवा आणि युव्ही त्याच दिवशी घ्या.

टीइएमसाठी (कणांचे फोटो काढणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मी पिवळं द्रावण बाटलीत घेऊन एसटीने पुण्याला निघाले होते, मे महिना, बाटली पिशवीत, पिशवी खिडकीपाशी. चंदनापुरी घाटापर्यंत बरं होतं, नारायणगावला चहाला उतरले तेव्हा रंग मातकट. स्लॉट वाया गेला, पुढचा तीन आठवड्यांनी. आता जायचं असेल तर इथेच ग्रिडवर (टीइएमच्या छोट्या जाळीवर) थेंब सुकवून न्या, ते जमत नसेल तर थर्मासमध्ये बर्फाबरोबर, पण गोठवू नका, गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि कण उरलेल्या जागेत एकमेकांवर दाबले जातात.

९. आवरताना

सिल्व्हरचं उरलेलं सगळं वेगळ्या बाटलीत, बेसिनमध्ये नाही. बोरोहायड्राइडचं उरलेलं मात्र बाटलीत घट्ट झाकण लावून ठेवू नका, रात्रभर हायड्रोजन सुटत राहतो. आमच्या लॅबचे काका सकाळी आले तर झाकण ट्यूबलाइटच्या पट्टीवर अडकलेलं आणि बाटली टेबलाखाली. उघड्या बीकरमध्ये, हूडखाली, आगीपासून लांब ठेवायचं आणि बीकरवर चिठ्ठी लावायची.